बिनतारी विद्येतून उद्योगाकडे : अय्यगारी सांबशिव राव

ठाण्याची खाडी कळव्याच्या पुलाखालून दक्षिणेकडे वळली म्हणजे तिचे पात्र हळूहळू रुंदावत जाते, आणि जेथे ती मुंबईच्या बंदराला मिळते त्या मुखापाशी, पश्चिम तीरावर, तुर्भ्याची टेकडी उभी आहे. इंग्रजी अमदानीत तिला ट्रॉम्बे म्हणण्याचा प्रघात पडला आणि तोच पुढे रूढ झाला. या टेकडीच्या पायथ्याशी १९५४ सालापासून अणुशक्तीची प्रयोगशाळा वाढत गेली. ठाणे, कल्याण, डोंबिवली या गावांतून भल्या सकाळी निघून, कुर्ल्यास गाडी बदलून, तेथे कामावर जाणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या आता झाल्या आहेत. त्यांच्या घरांत डॉ. होमी भाभा यांचे नाव मुलांनाही ठाऊक असते. परंतु ज्या गृहस्थाने भाभांच्या अणुभट्टीला डोळे, कान आणि लगाम दिले, त्यांचे नाव विचारले तर बहुधा मौनच पदरी पडेल. आजच्या भाषणात त्या गृहस्थांचा परिचय करून देण्याचा माझा विचार आहे. त्यांचे नाव अय्यगारी सांबशिव राव.

ते जन्माने आंध्र होते. गोदावरीच्या मुखाकडील सुपीक प्रदेशातील मोगल्लू या गावी २० सप्टेंबर १९१४ रोजी त्यांचा जन्म झाला. त्र्यंबकेश्वरी उगम पावणाऱ्या आपल्याच गोदावरीचे ते दुसरे टोक. पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयात पदार्थविज्ञानाची एम्. एस्सी. पदवी घेऊन तेथेच त्यांनी काही वर्षे अध्यापन केले, आणि महायुद्ध संपता संपता विद्युत्-अभियांत्रिकीच्या उच्च अभ्यासासाठी ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले.

त्या काळी आपल्या देशात बिनतारीचा इंजिनिअर म्हणजे कोण, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. एखादा जहाजावर संदेशवाहक असे, एखादा लष्कराच्या किंवा पोलिसांच्या खात्यात, एखादा नभोवाणीच्या प्रक्षेपण केंद्रावर. उरलेले लोक दुकान थाटून बिघडलेले रेडिओ दुरुस्त करीत. देश स्वतंत्र झाला तेव्हा नभोवाणीची केंद्रे अवघी सहा होती आणि संबंध देशात मिळून सुमारे पावणेतीन लाख रेडिओ-यंत्रे होती. ज्या निर्वात नळीवाचून, म्हणजे आपण जिला वाल्व्ह म्हणत असू त्या वस्तूवाचून, रेडिओ मुका राहतो, ती नळी देशात कोठेही होत नव्हती. ती होऊ लागली १९६१ साली, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात. तोपर्यंत आपली बिनतारी विद्या ही परक्याने केलेली वस्तू सांभाळण्याची विद्या होती. तिच्यात कौशल्य नव्हते असे मी म्हणत नाही. परंतु ते कौशल्य उत्तम वैद्याचे होते. मूल जन्माला घालण्याचा अधिकार त्यात नव्हता.

स्टॅनफर्डमधील हवा अगदी निराळी होती. तेथे फ्रेडरिक टर्मन या प्राध्यापकाचा वरचष्मा होता. रेडिओ-अभियांत्रिकीवरील त्यांचा १९३२ सालचा ग्रंथ जगभर पाठ्यपुस्तक म्हणून चालत असे. आपल्या विद्यार्थ्यांनी नोकरी धुंडाळण्याऐवजी स्वतःच यंत्रे करावीत आणि विकावीत, असा या गुरूचा आग्रह असे. ह्यूलेट आणि पॅकार्ड या त्यांच्या दोन शिष्यांनी १९३९ साली विद्यापीठाजवळच्या एका मोटारखान्यात, पाचशेअडतीस डॉलरांच्या भांडवलावर, मापनयंत्रे करावयास आरंभ केला होता. पुढे त्यातूनच केवढा व्यवसाय वाढला हे सर्वश्रुत आहे. विद्यापीठातील टेबलावर जमलेली जुळणी चार दिवसांनी बाजारात जाऊ शकते, आणि तिच्या विक्रीतून पुन्हा विद्येला बळ मिळते, हा त्या गावचा रोजचा व्यवहार होता. रावांच्या पुढील चरित्राकडे पाहिले म्हणजे या व्यवहाराचा ठसा त्यांच्यावर उमटला होता असे मला वाटते.

मायदेशी परतल्यावर ते मुंबईस आले. १९४५ च्या अखेरीस डॉ. भाभांनी पेडर रस्त्यावरील केनिलवर्थ नावाच्या बंगल्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था हलविली होती. हा बंगला भाभांच्या एका नातेवाइकाचा. एका बाजूस घर, दुसऱ्या बाजूस प्रयोगशाळा, असा तो संसार होता. १९४९ साली संस्था तेथून अपोलो बंदरावरील जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. संशोधनाचा विषय विश्वकिरणांचा, म्हणजे आकाशातून अहोरात्र येणाऱ्या सूक्ष्म कणांचा. पदार्थवैज्ञानिकांना त्या कणांची गणती हवी होती आणि गणती करणारी यंत्रे बाजारात मिळत नव्हती. मिळाली तरी परकीय चलन मोजावे लागे आणि जहाजाची वाट पाहावी लागे. या कामी रावांची योजना झाली.

येथे थोडा तांत्रिक तपशील सांगणे अवश्य आहे, कारण रावांच्या कर्तृत्वाचे मर्म त्यातच आहे. रेडिओ-यंत्राला ज्या लहरी मिळतात त्या अखंड असतात. गायकाच्या स्वराप्रमाणे त्या चढतात, उतरतात, परंतु तुटत नाहीत. कणांचे तसे नाही. वायूने भरलेल्या नळीतून एखादा कण गेला म्हणजे तेथे क्षणमात्र विजेचा एक अत्यंत क्षीण ठोका उमटतो. तो हजारो पटींनी मोठा करावयाचा. तो खरा ठोका आहे की यंत्रातील खळबळ आहे याचा निवाडा करावयाचा. दोन ठोके एकाच क्षणी आले की मागेपुढे, हे ओळखावयाचे. आणि शेवटी त्यांची संख्या मांडावयाची. यासाठी लागणाऱ्या वस्तू रेडिओतल्याच. तीच निर्वात नळी, तेच रोधक, तेच धारित्र. मात्र मनाची घडण वेगळी लागते. रेडिओत थोडी खरखर झाली तर गाणे ऐकणारा ती सोसतो. मोजणीच्या यंत्रात खरखरीचा एक ठोका चुकून मोजला गेला, तर एका नव्या कणाचा शोध लागल्याचा भ्रम होतो. बिनतारीच्या कारागिराला या काटेकोर शिस्तीत आणणे हे रावांचे पहिले काम झाले, आणि ज्यांना त्यांनी ती लावली ती तरुण मंडळी पुढे देशभर पसरली.

शिवाय मुंबईची हवा! आषाढ लागला की खारट ओल भिंतीत शिरते तशीच ती यंत्रातही शिरते. थंड, कोरड्या देशात बसून आखलेली जुळणी येथे पावसाळ्यात विजेची गळती करू लागते, आणि आकडे आपल्याच मर्जीने चढू-उतरू लागतात. विलायती यंत्राची माहितीपत्रे या बाबतीत मुकी असतात. आपल्या हवेत टिकणारे यंत्र हवे असेल, तर ते याच हवेत जन्मलेले असावे, हा धडा पुस्तकातून शिकावा लागत नाही.

आता अप्सरेकडे येऊ. १९४८ च्या ऑगस्टमध्ये अणुशक्ती मंडळ स्थापन झाले होते. देशाने स्वतःची एक लहानशी अणुभट्टी उभारावी, आणि ती विकत न घेता येथेच बांधावी, असा भाभांचा निश्चय १९५५ साली पक्का झाला. इंधन ब्रिटनकडून आले, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. बाकी सारे बहुतांशी आपल्या मंडळींनी केले, आणि त्यातील नियंत्रणाची सर्व व्यवस्था रावांच्या गटाकडे होती.

ही भट्टी म्हणजे पाण्याचा एक खोल हौद. तळाशी इंधनाच्या कांड्या, त्यांच्या मधून वरखाली होणारे, न्यूट्रॉन गिळून टाकणारे दांडे. दांडे वर काढीत गेले म्हणजे आतील न्यूट्रॉनांची संख्या वाढू लागते, आणि एका विशिष्ट टप्प्यावर ही वाढ आपली आपणच चालू राहू लागते. तो टप्पा गाठावयाचा, परंतु ओलांडून पळू द्यावयाचा नाही. डोळ्यांनी यातले काहीच दिसत नाही. हौदात वाकून पाहणाऱ्याला केवळ स्वच्छ पाणी दिसते. आत काय चालले आहे हे सांगणारा एकच साक्षीदार असतो : टेबलावरील काटा. तो काटा खोटे बोलला, किंवा उशिरा बोलला, तर काय होईल हे सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणून त्या यंत्रणेत एकाच गोष्टीवर अनेक पहारेकरी बसवावे लागतात, आणि संशय येताक्षणी, माणसाच्या आज्ञेची वाट न पाहता, दांडे आपोआप खाली पडतील अशी तजवीज ठेवावी लागते.

४ ऑगस्ट १९५६. दुपारचे पावणेचार. ठाण्याच्या खाडीकाठी त्या पावसाळी दिवशी अप्सरेतील क्रिया प्रथम स्वयंचलित झाली. सोव्हिएट संघ वगळला तर आशिया खंडातील ही पहिलीच अणुभट्टी. पंडित नेहरूंनी तिला अप्सरा हे नाव दिले. नियंत्रण-कक्षात जी कपाटे ओळीने उभी होती, ज्यांच्या तबकड्यांवर सर्वांची दृष्टी खिळली होती, ती रावांच्या माणसांनी जोडलेली होती. वृत्तपत्रांच्या वाचकांच्या स्मरणात अप्सरेचा निळा उजेड राहिला. त्या कपाटांची आठवण कोण ठेवणार? मला मात्र त्या दिवसाचे खरे महत्त्व तेथेच दिसते. कारण इंधन परके होते, मूळ कल्पना जगभर ठाऊक होती, परंतु आपल्या हातांनी केलेल्या काट्यावर विश्वास ठेवून दांडा वर उचलणे, हे धैर्य आपले होते.

यानंतर रावांचा गट यंत्रे नुसती घडवून थांबला नाही. त्यांचे उत्पादन करू लागला. एक नमुना जमविणे आणि त्याच्यासारखी शंभर यंत्रे करणे यांत किती अंतर आहे, हे ज्याने केले त्यालाच कळते. नमुना करणारा मनुष्य विद्वान असतो. अमुक एक रोधक किंचित कमी भरला तर तो दुसरा जोडून भागवितो. शंभर यंत्रे करताना जोडणारी मुलगी किंवा मुलगा दहावी-अकरावी झालेला असतो. त्याला नकाशा हवा, क्रम हवा, तपासणीची रीत हवी. किरणोत्सर्ग मोजणारी, ठोके गणणारी, दाब-तपमान नोंदणारी अशी यंत्रे तुर्भ्याच्या उत्पादन-विभागातून देशातील प्रयोगशाळांकडे आणि रुग्णालयांकडे जाऊ लागली. राव यांस १९६० साली पद्मश्री मिळाली. १९६५ साली अभियांत्रिकीसाठी भटनागर पारितोषिकही मिळाले.

याच वर्षांत खाडीच्या वरच्या अंगाला एक वेगळा इलेक्ट्रॉनिक उद्योग मूळ धरीत होता. ठाण्यात मर्फीचा रेडिओ-कारखाना आला. खाडीपलीकडे कळव्यास फिलिप्सचा आला. तोंडावर बोट ठेवलेले मर्फीचे बालक कोणत्या घराला अनोळखी आहे? या कारखान्यांनी आपल्या गावांतील शेकडो घरांना भाकरी दिली, आणि हाताला सफाई दिली. त्यांचा आदर ठेवूनच मी म्हणतो की, त्यांची विद्या आराखड्यासह परदेशाहून आलेली होती. आराखडा हॉलंडात किंवा इंग्लंडात बदलला म्हणजे येथील रांगेवरचे कामही बदलावयाचे. एकाच खाडीच्या एका टोकाला जुळवणीची कला वाढत होती, दुसऱ्या टोकाला आराखड्याची. या दोहोंची गाठ पडली असती तर ठाणे जिल्ह्याचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता. ती पडली नाही, आणि त्याचे कारण पुढे येईल.

१९६२ च्या शरद ऋतूत चीनशी युद्ध झाले. हिमालयातील त्या पराभवाने जी अनेक न्यूने उघडी पाडली, त्यांत संदेशवहनाचे न्यून मोठे होते. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६३ मध्ये, भारत सरकारने इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. अध्यक्ष डॉ. भाभा, सभासद डॉ. भगवंतम्, डॉ. विक्रम साराभाई आणि राव. समितीतील चार जणांपैकी कारखान्याची धूळ ज्याच्या अंगावर रोज बसते, असे राव होते.

त्याच १९६३ साली सीमेपलीकडे काय घडले ते पाहण्यासारखे आहे. चीनने इलेक्ट्रॉनिक उद्योगासाठी एक स्वतंत्र मंत्रालय निर्माण केले आणि त्याचा मंत्री म्हणून ज्याची योजना केली, तो वांग झेंग हाही मूळचा बिनतारीचाच मनुष्य. १९०९ साली जन्मलेला हा तरुण च्यांग कै-शेकच्या सैन्यात रेडिओचे काम करीत होता. १९३० च्या डिसेंबरात कम्युनिस्टांच्या लाल सेनेने त्याच्या तुकडीचा पराभव केला आणि तो पकडला गेला. त्याच्याबरोबर एक बिनतारी संचही हाती लागला. परंतु सैनिकांना ते यंत्र काय आहे हे ठाऊक नसल्यामुळे त्यांनी प्रक्षेपकाची मोडतोड केली होती आणि शाबूत उरला होता तो फक्त ग्राहक. अर्ध्या संचाने ऐकता येते, बोलता येत नाही. वांग आणि त्याचे सहकारी लाल सेनेत दाखल झाले, आणि त्या अर्ध्या संचावर शत्रूचे संदेश ऐकण्यास त्यांनी आरंभ केला. काही दिवसांनी दुसरा संच मिळाला, जानेवारी १९३१ मध्ये रेडिओ-पथक उभे राहिले, पाठोपाठ शिकाऊ तरुणांचा वर्गही निघाला. पुढे येनानच्या डोंगरातील गुहांत या वांगच्या हाताखालीच संदेशवहनाचे खाते चालत असे. आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३९ साली ज्या येनानला पोहोचले, तेच हे. तेथून ३० डिसेंबर १९४० रोजी चिनी कम्युनिस्टांचे ध्वनिक्षेपण सुरू झाले. पेट्रोल नव्हते म्हणून कोळशाच्या वायूवर मोटारीचे इंजिन चालवून त्यांनी वीज केली होती.

या दोन बिनतारी-इंजिनिअरांची तुलना करण्याचा मोह होतो. दोघेही टंचाईच्या शाळेत शिकले. दोघांनाही पन्नाशीच्या आसपास एका प्रचंड देशाचा इलेक्ट्रॉनिक उद्योग घडविण्यास सांगण्यात आले. परंतु वांगच्या हाती सैन्य, मंत्रालय आणि हुकूम होता. राव यांच्या हाती एक प्रयोगशाळा, एक समिती आणि पटवून देण्याची शक्ती एवढेच होते. आपल्याकडील काम संथ झाले असेल तर त्याचे एक कारण हे आहे; आणि ते काम ज्यांनी केले त्यांना पटले म्हणून केले, हा त्याचाच दुसरा परिणाम आहे. या दोहोंतील कोणती बाजू जड, याचा निकाल मी एका वाक्यात देऊ इच्छीत नाही.

समितीने तीन वर्षे खपून दहा वर्षांची योजना आखली. तिचे प्रतिपादन थोडक्यात असे की, इलेक्ट्रॉनिक्स ही चैनीची बाब नसून आधुनिक उद्योगाची आणि संरक्षणाची मज्जासंस्था आहे. हिला पोलादासारखे अवजड भांडवल लागत नाही, शिकलेली माणसे लागतात. आणि सुटे घटक मोठ्या प्रमाणात देशातच झाल्याखेरीज वरचा सारा डोलारा उसना राहील. अहवालाचे काम संपत आले असता २४ जानेवारी १९६६ रोजी भाभांचे विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखरावर कोसळले. अहवाल सरकारला सादर झाला तेव्हा त्याचा अध्यक्ष हयात नव्हता.

मग ही योजना अमलात कोणी आणावयाची? बोलणारे पुष्कळ होते. राव यांनी तुर्भ्याचा आपला उत्पादन-विभाग उचलला आणि त्याचा कारखाना केला. ११ एप्रिल १९६७ रोजी ‘इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली. राव तिचे पहिले व्यवस्थापकीय संचालक. कंपनीचे ठिकाण हैद्राबाद. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी प्रयोगशाळेतील मानाची जागा सोडून हिशेब, विक्री, कामगार आणि मंत्रालयाची पत्रे यांच्या रानात शिरणे, हे साधे धाडस नव्हते. परदेशी कंपनीशी सहकार्याचा करार करून तयार आराखडा आणावयाचा नाही, हा या कारखान्याचा पाया होता. त्या काळच्या उद्योगपतींना तो हट्ट वाटला. बहुतेकांनी तो बोलून दाखविला असेल.

हैद्राबादच का? तेथे कोरडी हवा होती, मोकळी जमीन होती. अणुइंधनाचे संकुलही पुढे तेथेच झाले. कारणे समंजस होती हे मान्य केले पाहिजे. पण ठाणे-कल्याणच्या माणसाने नकाशापुढे बसून जरा हळहळावे, याला माझी हरकत नाही. ज्या खाडीकाठी ही विद्या इतकी वर्षे वाढली, जिच्या वरच्या टोकाला जुळवणीत मुरलेले हजारो हात होते, तेथून ती मोठी होण्याच्या वेळीच उठून गेली. पाठीमागे आपल्याला जुळवणी उरली. १९७३ साली अंधेरीस निर्यातीसाठी सांताक्रूझचे इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्र निघाले, तेही निर्यातीपुरतेच. मर्फीचे नाव तर पुढे त्या बालकाच्या चित्रापुरतेच उरले.

रावांच्या हट्टाची खरी परीक्षा झाली ती ठाणे जिल्ह्यातच. तारापूर आज पालघर जिल्ह्यात मोडते. परंतु २०१४ पर्यंत ते ठाणे जिल्ह्याचे गाव होते. तेथील वीजकेंद्र अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने पूर्ण बांधून, किल्ली हाती द्यावी तसे, १९६९ साली आपल्या स्वाधीन केले. दोन भट्ट्या, प्रत्येकी सुमारे दोनशे मेगावॉटची. मुंबईच्या गिरण्यांना आणि घरांना तिची वीज मिळू लागली. तुर्भे तेथून शंभर किलोमीटरच्या आसपास. तरी अप्सरेचे काटे करणाऱ्यांना तारापूरच्या काट्यांत फारसा हात नव्हता. मग १८ मे १९७४ रोजी पोखरणचा स्फोट झाला. अमेरिकेने हात आखडता घेतला. इंधनाच्या खेपा अडू लागल्या, सुटे भाग मिळेनासे झाले, आणि १९८२ मध्ये इंधनासाठी फ्रान्सशी करार करावा लागला. एवढ्या मोठ्या केंद्रात एखादे लहानसे विद्युत्-यंत्र बिघडले आणि त्याचा कर्ता देण्यास नकार देत असला, तर काय करावयाचे? भाग येथेच घडवावयाचे, जुने यंत्र उलगडून त्याचा स्वभाव शिकावयाचा, नवे त्याच्या जागी बसवावयाचे. तारापूर बंद पडले नाही. ते बंद पडले नाही याचे श्रेय अनेकांना आहे. त्यांत ज्यांनी वीस वर्षे आधी ही सवय लावून ठेवली, त्यांचा वाटा मला वडीलकीचा वाटतो. राजस्थान आणि कल्पाक्कम येथील नंतरच्या अणुवीज केंद्रांची नियंत्रण-यंत्रणा हैद्राबादच्या कारखान्याने केली, आणि ते चक्र तेथे पूर्ण झाले.

गणकयंत्रांच्या बाबतीत मात्र हिशेब इतका सरळ नाही. तुर्भ्याच्या मंडळींनी १९६९ साली एक लहान अंकगणक तयार केला; त्याचे नाव ‘ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर’, संक्षेपाने टीडीसी-१२. पुढे हैद्राबादेत त्याची ३१२ आणि ३१६ ही भावंडे झाली. विद्यापीठांतून, प्रयोगशाळांतून ती बसविली गेली, आणि कित्येक तरुणांनी आयुष्यातील पहिला संगणक पाहिला तो हाच. परंतु या क्षेत्रात जग इतक्या वेगाने पुढे जात होते की, आपला आराखडा पक्का होईतो बाहेर तो जुना झालेला असे. परदेशी यंत्र आणू पाहणाऱ्या संस्थेला परवान्यासाठी दारोदार हिंडावे लागे आणि देशी यंत्रासाठी थांबावे लागे. त्या थांबण्यात कित्येक संशोधकांची उमेदीची वर्षे गेली, ही तक्रार खोटी नाही. दुसऱ्या बाजूस, आयबीएम कंपनी येथे आपली जुनी, अन्यत्र वापरून झालेली यंत्रे भाड्याने देत असे, हेही तितकेच खरे; आणि १९७८ साली ती कंपनी देश सोडून गेली तेव्हा कारभार कोलमडला नाही, कारण यंत्राच्या पोटात हात घालणारी माणसे तोवर येथे तयार होती. राव हे व्यापारी म्हणून किती यशस्वी झाले यावर वाद होऊ शकेल. शिक्षक म्हणून ते यशस्वी झाले, यावर होऊ नये.

सामान्य घरांत मात्र त्यांचा कारखाना शिरला तो चित्रवाणीच्या रूपाने. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि बैठकीच्या खोलीतील रेडिओच्या जागी हळूहळू एक लाकडी पेटी आली. तिच्या पुढील अंगावर कित्येकदा ‘ईसी’ ही दोन अक्षरे असत. अणुभट्टीचे काटे करणाऱ्या मंडळींनी केलेला हा संच होता. चाळीच्या गच्चीवरील काड्यांची छत्री कोणत्या दिशेला फिरवावी यावर शेजाऱ्याशी वाद घालणाऱ्या गृहस्थाच्या मनात, आपल्या घरात अप्सरेचे एक दूरचे नातेवाईक आले आहे, हा विचार येण्याचे काही कारण नव्हते.

याच १९७२ साली राव यांस पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतरही ते हैद्राबादेतच राहिले. ३१ ऑक्टोबर २००३ रोजी, नव्वदाव्या वर्षात असताना, त्यांचे निधन झाले. त्यांच्या कारखान्याच्या आसपास जी विस्तीर्ण वस्ती वाढली तिला ए. एस. राव नगर असे नाव आहे. तेथील दुकानांच्या पाट्यांवर आणि बसगाड्यांवर ते रोज वाचले जाते. तुर्भ्यात, जेथे त्यांनी उमेदीची वर्षे घालविली, त्या आवारात अप्सरा २००९ पर्यंत चालू होती. तिच्याच जागी २०१८ च्या सप्टेंबरात सुधारलेली नवी अप्सरा सुरू झाली, आणि तिचे इंधन या वेळी देशातच तयार झाले होते.